पांढरं पान

कॉलेजात सगळे तिला तोडफोडबाई म्हणत, आणि तिला त्याचा रागही नव्हता. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा पेपर शिकवायला वर्षानुवर्षं तिच्याकडे. वेबसाइट बांधायला मुलांच्या हाती तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क, कुठलं द्यायचं हे ठरवायची तिची तऱ्हा जगावेगळी होती. लोक आधी बघतात, काय काय जमतं. ही बघायची, मोडल्यावर काय होतं. वाचनालयाचं एक छोटंसं ॲप प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये लिहायचं आणि मग मुद्दाम बिघडवायचं. स्क्रीनवरचा संदेश वाचून नवख्या पोराला चूक सापडली तर फ्रेमवर्क पास. नाही तर कितीही गाजावाजा असो, नापास!

"चालत्या गाडीत कोणीही बसतं हो," ती म्हणायची. "माणूस शिकतो ती बंद पडल्यावर."

या उद्योगात तिचे जोडीदार धाकटे सर. वयाने लहान, म्हणून हे नाव. नवे आले तेव्हा फळ्याकडे तोंड करूनच शिकवायचे. तिनेच शेजारी बसवून घडवलं. सख्ख्या भावाला लावला नसेल एवढा जीव लावला. सुट्टीत दोघं रिकाम्या लॅबमध्ये बसत. ती मोडायची, ते टिपून घ्यायचे, आणि हसून हसून पुरेवाट व्हायची.

यंदा विभागप्रमुखांनी टुमणं लावलं, कंपन्या विचारतात ते मोठं फ्रेमवर्क घ्या. तिने तेही मोडून पाहिलं. डेटाबेस बंद केला, आणि स्क्रीनवर काय यावं? काही नाही. नुसतं पांढरं पान. ना चूक, ना खूण. चूक दाखवणाऱ्या कुठल्याशा आडबाजूच्या सेटिंगपर्यंत पोचेतो तिच्याही नाकी नऊ आले.

"बघा सर, पोरं डोकं आपटून घेतील. नोकरीत वापरू देत खुशाल, पण शिकायला आपलं नेहमीचं छोटं फ्रेमवर्कच बरं."

"विभागाच्या बैठकीत मी मांडतो, ताई. तुम्ही तापता, आणि मुद्दा राहतो बाजूला."

हे काही खोटं नव्हतं. तिने निर्धास्तपणे सगळं त्यांच्या हवाली केलं.

सरांनी मांडलं, आणि काय झोकात मांडलं! तिचंच वाचनालय, तिचीच मोडतोड, आणि निष्कर्ष काय, तर मोठं फ्रेमवर्क उत्तम. पांढऱ्या पानाबद्दल चकार शब्द नाही. वर पुन्हा, "सगळं ताईंच्याच पद्धतीने तपासलंय."

"अहो, पण ते पांढरं पान..." ती उठलीच.

"बाई, पद्धत तुमचीच ना? मग आता कुरकुर कसली?" विभागप्रमुख म्हणाले, आणि सगळे हसले. पेपर धाकट्या सरांना मिळाला. तिच्या वाट्याला पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स आली: फाइल उघडा, फाइल बंद करा.

"केसाने गळा कापला तुझा," नवरा म्हणाला.

"छे हो! गडबडीत राहून गेलं असेल. तसा नाहीये तो." पेपर गेला त्याचं दुःख होतंच, पण एवढ्या एका आशेवर ती तग धरून होती. सर जिन्यात नजर चुकवून जात, तरी ती म्हणे, कामात असतील.

सत्र सुरू झालं आणि एका दुपारी धाकटे सर धापा टाकत तिच्या दारात.

"ताई, अख्खी लॅब अडकलीय! ते पांढरं पान हो. सुट्टीत तुम्ही डेटाबेस बंद केलात तेव्हा आलं होतं ना, तेच. काय बदललं होतंत तेव्हा?"

तिने चष्मा काढला. सुट्टी, डेटाबेस, पान, सगळं लख्ख आठवत होतं त्यांना.

"म्हणजे तुम्ही विसरला नव्हतात," ती म्हणाली.

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "ताई, प्रमुख म्हणाले होते, मोठं फ्रेमवर्क मांडलंस तर पेपर तुलाच देतो... मला वाटलं, तुम्ही समजून घ्याल."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. चष्मा लावून ती उठली. पोरांनी काय घोडं मारलं होतं?

"सेटिंग मुलांना दाखवते," दारातून त्यांना बाजूला करत ती म्हणाली. "आणि सर, यापुढे ताई म्हणू नका. बाई म्हणा, सगळे म्हणतात तसं."