दुपारचं विमान

त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. शहापूरच्या सायबर कॅफेत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. मुलाने आईबापाला सिंगापूरहून निघणारी क्रूझ दिली होती. विमानाची तिकिटं मात्र त्याच्या विमानप्रवासातून साठलेल्या माइल्सवर, म्हणजे पॉइंटांवर, आपली आपणच काढायची. ती मी काढून देत होतो. सकाळच्या विमानात दोन जागा होत्या, अगदी शेजारी.

"नको. माजं सकालचं काढा, यांचं दुपारचं."

"का हो, मावशी?"

"म्हशाच्या जत्रेला पन हे पुढं, मी मागं. कदी वलून बगितलं नाय. एकदा तरी मी आदी पोचते न् इचारते, येवडा उशीर?"

मी आनंदाने त्यांचं सकाळचं आणि नवऱ्याचं दुपारचं काढलं.

"चल गो!" बाहेरून हाक मारून नवरा चालूही लागला. दोन्ही तिकिटं कमरेला खोचून बाई त्याच्या मागून निघाल्या.