नऊचा आकडा
लॅबमधल्या स्पिरिटच्या वासाने मला ती दुपार आठवते. पत्नीला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता आणि गोंदियाला तिच्या बहिणीचं लग्न होतं. शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला सीआरपी सहाच्या खाली आला की निघायचं, असं मी ठरवलं होतं. रिपोर्टमध्ये नऊ आला. रिक्षात मिरकरवाडा बंदराकडून सुक्या मासळीचा वास येत होता. ती म्हणाली, “अहो, आज कुठंच दुखून नाही राहिलं. कागदाला काय विचारता, मला विचारा ना!” मी तिथेच तिकिटं रद्द केली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, सिकलसेलमध्ये बरं असतानाही हा आकडा थोडा चढाच असतो. तिच्यासाठी नऊ ठीकच होता. तिला हे जग सोडून चार वर्षं झाली. लग्नाच्या फोटोत तिच्या बहिणी ओळीने उभ्या आहेत. ती त्यांच्यात कुठे उभी राहिली असती, ते मी अजून शोधतो.