उदाहरणादाखल एक वाक्य

कुणाच्या मनातलं काढून घ्यायचं असेल तर त्याला शब्दकोशाच्या कामाला बसवावं. मी हे चेष्टेने म्हणत नाही. चेन्नईच्या एग्मोर स्टेशनसमोरच्या एका गल्लीत, लॉजच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. परदेशातल्या एका प्रकाशकासाठी तिथे इंग्रजी शिकणाऱ्यांचा कोश तयार होत होता. मी साताऱ्याहून दोन वर्षांच्या करारावर आले होते आणि तांबरमच्या हॉस्टेलात राहत होते. करार संपताना कायमची नेमणूक मिळावी, एवढीच माझी धडपड होती. वडिलांशी तसं ठरलंच होतं. पत्र मिळालं तर मी चेन्नईत राहणार, नाही मिळालं तर परत येऊन ते म्हणतील त्या मुलाला भेटणार. ते स्थळं बघतच बसले होते.

कामात एक अट होती. शब्दाच्या प्रत्येक अर्थाला तीन वाक्यं द्यायची आणि ती कुठून उचलायची नाहीत, स्वतः रचायची. दिवसाला चाळीस-पन्नास वाक्यं रचायची म्हटल्यावर माणूस आणणार कुठून? घरचंच आणणार. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या वाक्यांत कायम सासू असायची. क्रियापद कुठलंही द्या, कर्ता सासूच. एकाच्या वाक्यांत तीन महिने घराचं बांधकाम रखडलेलं होतं. आम्ही एकमेकांची वाक्यं तपासायचो, त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक होतं. आणि म्हणूनच एक अलिखित नियम होता : वाक्यात जे वाचलं ते वाक्यातच ठेवायचं, त्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. तो नियम सगळे पाळत. सासूवाल्या बाईंची सासू एकदा ऑफिसात आली, तर आम्ही सगळ्यांनी उठून नमस्कार केला आणि मुकाट्याने आपापल्या जागेवर बसलो.

आमच्या विभागाचे प्रमुख तंजावरकडचे मराठी. पिढ्यानपिढ्या तिकडेच राहिलेलं घराणं. त्यांची मराठी ऐकली तेव्हा पहिल्या दिवशी मला हसू आलं आणि दुसऱ्या दिवशी रडू. शब्द आपलेच, पण फार जुने, आणि चाल तमिळ. ऑफिसात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले; मला तर तो शब्द घरचाच होता. दुपारी ते हाक मारायचे, "जेवलीस काय गे? ये, घरीं डांगर केलें आहे." उडदाचं डांगर, दह्यात कालवलेलं, साताऱ्यापासून इतक्या दूर! डब्याच्या झाकणात ते माझा वाटा काढून ठेवत. त्या गावात माझं माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं, तर मी डोळे मिटून त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं.

शेवटच्या महिन्यात माझ्याकडे 'वेअर अवे' आलं. साधं दिसणारं आणि भलतंच पसरलेलं प्रकरण. पायरीचा दगड पावलांनी झिजतो तेही वेअर अवे आणि शिलालेखावरची अक्षरं पुसट होतात तेही. समुद्र किनारा खातो, उन्हाळ्याचा लांबलचक दिवस कसाबसा सरतो, दुखणेकरी माणूस खंगत जातो, सगळ्याला एकच. आपल्याकडे यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, आणि ही मंडळी दोन शब्दांत सगळं उरकतात, म्हणून मी अण्णांकडे कुरकुर केली. ते हसले. "सोड गे, लिही," म्हणाले.

लिहिलं. शेवटचा अर्थ होता निश्चय हळूहळू ढासळण्याचा. तो सोमवार होता. आदल्या दिवशी वडिलांचा फोन झाला होता. ते रागावत नसत, नुसतं विचारत, "अजून किती दिवस?" आणि मागून आई फोन मागून घेई. ते डोक्यात ताजं होतं. मी लिहून टाकलं : दर रविवारी वडिलांचा फोन येतो आणि इथे राहण्याचा तिचा निर्धार थोडा थोडा झिजतो. वाक्य चांगलं उतरलं म्हणून मी खूशही झाले. दुपारपर्यंत रविवार ओसरला होता आणि मी पुढच्या शब्दाला लागले होते. माणसाचं असंच असतं. सकाळी खचतं आणि जेवून उठलं की ताळ्यावर येतं.

दोन आठवड्यांनी मॅनेजरबाईंनी आत बोलावलं. मी पत्र घ्यायच्या तयारीने गेले होते. चांगली साडी नेसून, हे सांगायला आता लाज वाटते. बाईंनी गोड शब्दांत सांगितलं की काम उत्तम आहे, पण कायमच्या जागेवर टिकणारं माणूस हवं. मी म्हटलं, मी टिकणारच आहे. त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्याच नोंदीची छापील प्रत होती. त्या एका वाक्याखाली हिरव्या शाईची रेघ. हिरवं पेन आमच्या विभागात एकाच माणसाकडे होतं. समासात त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, 'हे तिचं स्वतःचं आहे.'

मला आधी शरमच वाटली, जणू अंगावरचा कपडा कुणी भर रस्त्यात ओढला. राग नंतर आला, आणि आला तो आजतागायत गेलेला नाही. अण्णा डबा उघडून बसले होते. झाकणात माझा वाटा काढलेला होता. मी उभ्यानेच विचारलं, "अण्णा, वाक्य तुम्ही दाखवलंत?"

"दाखविलें," ते म्हणाले. आवाज रोजचाच, मायेचा. "तूं जाणारच आहेस कीं गे. मीं खोटें काय सांगितलें?"

"मला एकदा विचारायचं तरी!"

"विचारलें असतें तर तूं नाहीं म्हटलें असतेंस. लिहितांना माणूस खरें लिहितें." आणि त्यांनी झाकण माझ्याकडे सरकवलं.

मी जेवले नाही. करार संपल्यावर दोन महिने चेन्नईत दारोदार फिरले. सगळीकडे गोड बोलून वाटेला लावलं. हॉस्टेलच्या वॉर्डनने खोली रिकामी करायला सांगितली, तेव्हा मीच वडिलांना फोन केला. रविवार नव्हता. त्यांनी फक्त गाडी कधी पोहोचते ते विचारलं.

महिन्याभराने सासूवाल्या बाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या चाचरत म्हणाल्या, "अण्णा परवा सगळ्यांसमोर म्हणत होते, बघा, गेलीच की नाही ती? मी तेव्हाच सांगितलं होतं." बाईंना वाटत होतं, मी काहीतरी कडक बोलेन आणि त्या ते ऑफिसात जाऊन सांगतील. मला बोलायचं खूप होतं. पण मी बोलत होते साताऱ्याच्या घरातून, आणि बाहेरच्या खोलीत मुलाकडची माणसं येऊन बसली होती.