शेपटीवरचा लाल

वणीतील आमच्या घरी, स्वयंपाकघराच्या पूर्वेकडील खिडकीत, काचेची एक लहान टाकी आहे. तीत एकच मासा असतो. या जातीचे दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत. एक दुसऱ्याला फाडतो. म्हणून दुकानात त्याला फायटर म्हणतात. पुस्तकातले नाव बेटा. कोळशाच्या ट्रकांची धूळ खिडकीपर्यंत येते, म्हणून टाकीवर काचेचे झाकण आहे आणि ते मी दिवसातून दोनदा पुसतो. ते घट्ट बसवायचे नसते. हा मासा थोड्या थोड्या वेळाने वर येतो आणि बाहेरची हवा घेतो.

मला मासे पाळण्याची आवड नाही. मी खाणीत सर्व्हेअर होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. हा मासा आमच्या घरी शोभेसाठी आला नाही. तो मोजमापासाठी आला.

पत्नीला मधुमेह आहे. तिचा उजवा डोळा त्यात गेला. आम्ही उशिरा पोहोचलो होतो. डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरण्याची भीती होती. त्यावर यवतमाळला इंजेक्शने सुरू झाली. डॉक्टरांनी चौकोनी रेघांचा एक कागद दिला. रोज सकाळी एकाच जागी बसून, एकाच उजेडात तो पाहायचा. रेघ वाकडी दिसली किंवा मधला भाग पुसट वाटला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

"त्याच दिवशी निघा, काका," ते म्हणाले. "आठवड्यानं आलात तर माझ्या हातात फार काही राहणार नाही."

कागद चार दिवस चालला. पाचव्या दिवशी पत्नीने तो घडी करून डब्याखाली ठेवला.

"मले काय शाळेत घालून राह्यले का? रेघा पाहू पाहू जीव विटला."

"पाहणं भाग आहे," मी म्हणालो.

"नाई म्हणून राह्यली का मी? पाह्यन. पण पाहण्याजोगं काही द्या."

पुढच्या खेपेला, दवाखान्याच्या गल्लीत, ती एका दुकानासमोर थांबली. फळीवर काचेच्या बाटल्यांची रांग होती. प्रत्येक बाटलीत एक मासा, आणि दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा, एकाने दुसऱ्याला पाहू नये म्हणून. दुकानदाराने एक पुठ्ठा क्षणभर काढला. आतल्या माशाने कल्ले फुगवले आणि सर्व पर उघडले. अंग चुन्यासारखे पांढरे होते. पाठीवर काळे चट्टे होते, डोक्यावर थोडा नारिंगी. शेपटी उघडली की अर्ध्या चंद्राचा आकार होई, आणि तिचा निम्मा भाग लाल होता. खाणीत सुरुंग उडवण्याआधी झेंडी दाखवतात, तितका लाल.

"ह्याचा लाल मले दिसते," पत्नी म्हणाली. "इथून दिसते."

दुकानदार बोलका होता. "काकाजी, हा सयामकडचा, म्हणजे थायलंडचा. तिकडं भाताच्या बांधीत राह्यते. लोक ह्याची झुंज लावत. मंग कोणी रंगासाठी, कोणी शेपटीसाठी पैदास केली. ह्या प्रकाराले कोई म्हणतात, जपानच्या कोई माशासारखे चट्टे असतात म्हणून. मूळ जात ह्याची मार्बल. सांगतात, की परदेशात कोण्या कैद्यानं जेलमधी बरण्या ठेवून हा काढला. पण मार्बलचा भरोसा नसते, काकाजी. आज एक रंग, उद्या दुसरा."

कैद्याची गोष्ट खरी की खोटी, हे मी तपासलेले नाही. शेवटचे वाक्य मात्र मी नीट ऐकले होते. तेव्हाच मला पुढे विचारायला हवे होते. मी विचारले नाही. पत्नीने बाटली दोन्ही हातांत धरली होती, आणि उजवा डोळा गेल्यापासून तिने कोणतीही वस्तू मागितलेली नव्हती.

सर्व्हेच्या कामात बेंचमार्क नावाची एक खूण असते. पक्क्या दगडावर ती कोरतात आणि इतर सर्व उंच्या तिच्यावरून मोजतात. तिचा पहिला नियम असा, की ती हलत्या जमिनीवर घेऊ नये. खालून कोळसा काढलेली जमीन हळूहळू बसते. तिथल्या दगडावर खूण केली, तर दगडासोबत खूणही खाली जाते. मग प्रत्येक मोजणी चुकते, आणि ती चुकली हे कोणालाही कळत नाही. हे मी नव्याने लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत असे.

घरी मी टाकी खिडकीत बसवली. समोर चार हातांवर स्टूल ठेवले आणि स्टुलाच्या पायांच्या जागा फरशीवर खडूने आखल्या. नळाचे पाणी एक दिवस बादलीत ठेवून मगच टाकीत घालायचे, हे ठरले. गावातल्या सरकारी विश्रामगृहाच्या आवारातून जंगली बदामाचे वाळके पान आणून टाकीत सोडायचे, हेही ठरले. दुकानदाराने ते माशाला मानवते म्हणून सांगितले होते. सर्व्हेच्या नोंदींचे एक कोरे फील्डबुक घरात उरले होते. त्यात मी तीन रकाने आखले: दिनांक, निरीक्षण, निरीक्षक. सर्व्हेत यंत्राशी एक जण उभा राहतो आणि वहीशी दुसरा. पाहणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. इथे पाहणारी पत्नी होती; निरीक्षकाच्या रकान्यात तिचेच नाव. लिहिणारा मी.

रोज सकाळी चहापूर्वी ती स्टुलावर बसे.

"लाल दिसते."

मी दिनांक घालून लिहीत असे: लाल, दिसतो.

हिवाळा गेला. थंडीत टाकीजवळ बल्ब लावावा लागला. मासा वाढला. पत्नी त्याच्याशी बोलत असे, आणि दाणे टाकताना त्याला "पहेलवान" म्हणत असे. दोन इंजेक्शने झाली. डॉक्टर समाधानी होते. मी वहीत लिहीत राहिलो. समोर वर्तमानपत्र असे. तिचा शब्द कानावर आला की मी लिहीत असे आणि पुन्हा वाचू लागे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीस एका सकाळी पाणी बदलण्यासाठी मी मासा वाडग्यात काढला आणि वाडगा खिडकीच्या कठड्यावर ठेवला. ऊन थेट पाण्यात पडले होते. मी सहज पाहिले, आणि पाहतच राहिलो. मासा निळा होता. पाठ काळसर, पोट राखाडी, शेपटी मुळापासून टोकापर्यंत गडद निळी. लाल कोठेही नव्हता.

तासाभरापूर्वी पत्नीने सांगितले होते, "लाल दिसते." मी लिहिले होते.

प्रथम मी माझ्या डोळ्यांवर संशय घेतला. मोतीबिंदू मलाही आहे. शेजारच्या घरातील सूनबाई कुंपणापाशी कपडे वाळत घालत होती. तिला मी बोलावले आणि वाडगा दाखवला.

"याच्यावर लाल कुठे आहे, सांग."

तिने वाकून पाहिले. "लाल? हा तर निळा आहे, काकाजी. केव्हाचाच निळा आहे. मले वाटलं, पहिला मेला अन् तुम्ही दुसरा आणला. काकूंले वाईट वाटन म्हणून मी विचारलं नाई."

दुसरा मासा आणलेला नव्हता, हे मला ठाऊक होते. जमीन बसली होती आणि खूण तिच्यासोबत गेली होती.

मी मासा टाकीत सोडला आणि मागच्या पडवीत गेलो. पत्नी तिथे चुलीजवळ कणीक मळत होती. मी तिला स्टुलावर बसायला सांगितले.

"सकाळीच तं झालं ना."

"पुन्हा बस."

ती हात न धुता येऊन बसली. तोंड टाकीकडे केले.

"लाल दिसते."

"कुठे?"

"शेपटीले. रोजच्या जागी."

"तिथे लाल नाही," मी म्हणालो. "मासा निळा आहे. पुरा निळा."

ती बोटांवरची कणीक खरवडू लागली. तिने विचारले, "मेला का थो? हा दुसरा हाय?"

"तोच आहे. रंग बदलला. दुकानदारानं सांगितलं होतं."

"अन् तुम्ही रोज पाहून राह्यले ना?"

"नाही. मी लिहीत होतो."

मग तिने सांगितले. एके दिवशी लाल तिला थोडा कमी दिसला. पुढच्या दिवशी आणखी कमी. डोळा चालला, असे तिला वाटले. ती बोलली नाही. त्यानंतर काही दिवसांनी समोर धुके आले, आणि त्यात काळे दोरे हलू लागले. ते अजून होते. मासा कोणत्या बाजूला आहे, हे तिला पाण्याच्या हालचालीवरून कळे. रंग कळत नव्हता.

"काहून सांगितलं नाही?"

"सांगितलं तर तुम्ही लगेच गाडी बोलावता. तिथं दिवसभर बाकड्यावर बसता. सुई माह्या डोळ्यात जाते, अन् जेवण तुमचं सुटते. मागच्या खेपेले दोन दिवस तुम्ही भाकरीले हात नाई लावला. मले काय तेवढंही दिसत नाई?"

मी गाडी बोलावली.

वणीहून यवतमाळचा रस्ता लांबचा आहे. मारेगाव मागे पडले. नंतर तिने विचारले, निळा म्हणजे कसला निळा. मी सांगितले, मोरचुदासारखा, थोडा काळसर. ती म्हणाली, बरा दिसत असेल. मी म्हणालो, दिसतो.

डॉक्टरांनी डोळा तपासला. आत रक्त उतरले होते. केव्हापासून, असे त्यांनी विचारले. माझ्यासोबत फील्डबुक होते. ते मी उघडले नाही. उघडून उपयोग नव्हता. प्रत्येक ओळीत लाल होता आणि तो दिसत होता. पहिल्या काही दिवसांत माशाचा रंग गेला, नंतरच्या दिवसांत डोळ्याचा प्रकाश गेला. एक कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे त्या वहीतून कोणालाही काढता येणार नाही. माशाने रंग बदलला नसता, तर तिने पहिल्या धुक्याच्या दिवशी सांगितले असते का, हेही मला काढता येत नाही. मी तिला एकदा विचारले. ती म्हणाली, "आता काय करता विचारून."

उपचार झाले. रक्त काही प्रमाणात ओसरले. तिला उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो, ताटातील भात आणि भाजी वेगळी कळते. त्याहून अधिक येईल असे डॉक्टर म्हणाले नाहीत.

फील्डबुकात खोडरबर चालत नाही, हाही सर्व्हेचा नियम आहे. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही करायची. चूक कोणाची होती, हे पुढे पाहणाऱ्याला समजले पाहिजे. मी मागे मागे जात रेघा मारल्या. कोणत्या दिवसापाशी थांबावे, हे कळेना. शेवटी होळीपासूनच्या सर्व नोंदींवर मारल्या आणि प्रत्येकीपुढे सही केली. निरीक्षकाच्या रकान्याला मी हात लावला नाही.

मासा परत द्यावा, असे माझ्या मनात आले होते. पत्नीने नकार दिला.

"थ्याचा काय दोष? थो आपला रंग बदलून राह्यला. थ्यानं कोणाले सांगितलं होतं का, माह्यावर नेम धरा म्हणून?"

तेव्हापासून सकाळचे काम उलट झाले आहे. स्टुलावर मी बसतो. ती चहा ठेवते आणि पाठमोरी राहूनच विचारते.

"आज कोणता?"

मी पाहतो आणि सांगतो. वर्तमानपत्र नंतर उघडतो. पुष्कळ दिवस सांगण्यासारखे काही नव्हते. निळा, निळा, पोटाला राखाडी. पोळ्याच्या सुमारास एका सकाळी शेपटीच्या खालच्या टोकाला काहीतरी वेगळे दिसले. मी चष्मा पुसला, झाकण काढले आणि पुन्हा पाहिले.

"निळा," मी म्हणालो. "शेपटीच्या टोकाला लाल."

तिने गॅस बारीक केला. "केवढा?"

"ज्वारीच्या दाण्याएवढा."

"मले बरं वाटावं म्हणून सांगून राह्यले तुम्ही."

"मी खोटं रीडिंग देत नाही."

"मी देत होती ना. तुमच्या वहीत पास झालं सारं." ती खिडकीपाशी गेली आणि कुंपणाकडे तोंड करून सूनबाईला हाक मारली. "इकडं ये वो जराशी. ह्याच्या शेपटीले पाह्य बरं काय हाय थे."

सूनबाई ओल्या हातांनी आली. टाकीला नाक लावून तिने पाहिले.

"लाल आहे, काकू. एवढुसा आहे, पण लाल आहे."

"नक्की?"

"तुमची आण."

पत्नी टाकीसमोर आली. तिने काचेवर बोट ठेवले. मासा शेपटी हलवत तिकडे आला. तिचे बोट जिथे होते, तिथे लाल नव्हता. तो दोन बोटे खाली होता. मी तिचा हात धरून योग्य जागी नेला.

"इथे."

"हं," ती म्हणाली. "लिहा मंग."

मी दिनांक घातला, निरीक्षण लिहिले, आणि निरीक्षकाच्या रकान्यात माझे नाव घातले.