बाबांना बाहेरच्या खाण्याची सवय नाही

मागच्या रविवारी दुपारी आई-बाबांना घेऊन ठाण्यात जेवायला गेलेलो. फोटो तुम्ही बघितले असतीलच, मीच टाकलेले... आणि खाली 'बाबा फुल एन्जॉय करतायत' असंही लिहिलेलं. ते खरं नव्हतं. म्हणून आज हे लिहितेय.

आमच्या कोलशेतच्या घराजवळ एक नवीन रेस्टॉरंट उघडलंय. देशोदेशीचं रस्त्यावरचं खाणं तिथे छोट्या छोट्या प्लेट्समध्ये देतात... मेक्सिकोचे टाको, कोरियाचे तिखट राइस केक, असं बरंच काही. आई-बाबा डोंबिवलीला राहतात, हॉटेलात गेले तरी मसाला डोसा नाहीतर थाळी. म्हटलं, जरा वेगळं काहीतरी दाखवूया त्यांना.

'दाखवूया'... हा शब्द आता माझा मलाच टोचतो.

बाबा सोळा वर्षं कुवेतला वेल्डर होते. माझ्या शाळेची जवळजवळ सगळी वर्षं ते तिकडेच. दोन वर्षांतून एकदा यायचे, महिनाभर राहायचे, आणि तो महिना आम्ही त्यांना इकडच्याच गोष्टी सांगण्यात घालवायचो.

तर टेबलावर एकेक प्लेट येत होती. मी फोटो काढत होते, माझा नवरा आईला कशात काय आहे ते समजावत होता. मग फलाफेल आले. म्हणजे काबुली चण्यांचे तळलेले वडे, सोबत तिळाची चटणी आणि मऊ रोटी. बाबांनी एक वडा उचलला, मधोमध मोडला आणि आतून नीट निरखून बघितला. मग वेटरला म्हणाले, "हे कोण बनवतं? जरा बोलवता का त्यांना?"

मी पटकन इकडेतिकडे बघितलं. आजूबाजूची सगळी टेबलं भरलेली... "बाबा, प्लीज. इथे असं कोणी बोलवत नाही," मी हळूच म्हटलं.

"अगं, तक्रार नाही करत. एक सांगायचंय फक्त."

तेवढ्यात शेफ आलीसुद्धा. तिशीतली मुलगी, एप्रनला हात पुसत. "बोला ना काका, काही चुकलं का?" बाबा खुर्चीत जरा पुढे सरकले. तो अर्धा वडा तिच्यासमोर धरून म्हणाले, "बाळा, हे जे आहे ना..."

आणि मी मध्येच बोलले. हसत हसत. "सॉरी हं, बाबांना बाहेरच्या खाण्याची सवय नाहीये. त्यांना आपलं घरचंच आवडतं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही... राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो वडा परत प्लेटमध्ये ठेवला आणि तिला म्हणाले, "छान झालंय सगळं." ती थँक्यू म्हणून गेली. पुढे बाबांनी समोर येईल ते निमूट खाल्लं. मी टाकलेला फोटो त्याच वेळचा आहे.

जेवण झाल्यावर हात धुवायला आई माझ्याबरोबर आली. बेसिनपाशी, आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "तू दहावीला होतीस ना, तेव्हा यांची कंपनी बंद पडलेली. पाच महिने एका इजिप्तच्या माणसाच्या टपरीवर हेच वडे तळत होते ते. त्यावर आपलं घर चाललं."

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"त्यांनीच सांगू दिलं नाही. पोरीचं दहावीचं वर्ष आहे म्हणाले. नंतर मग तो विषयच कधी निघाला नाही. आज पहिल्यांदा स्वतःहून बोलायला लागले होते गं..."

गाडीत मी सॉरी म्हटलं. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सोड गं. तुला कुठे माहीत होतं?" माझीच समजूत घालत होते ते. पण खरी गोष्ट तीच होती ना... मला कुठे काय माहीत होतं!

बुधवारी ऑफिसमधून येताना मी एकटीच त्या रेस्टॉरंटमध्ये गेले. शेफला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, माझे फलाफेल तेलात फुटतात. महिनाभर डोकं फोडतेय मी. काका नेमकं काय सांगणार होते हो?"

मी त्यांचं वाक्य पुरं कुठे होऊ दिलं होतं?

काल बाबांना फोन केला. म्हटलं, ती मुलगी विचारतेय, शनिवारी तिच्या किचनमध्ये याल का थोडा वेळ? बाबा म्हणाले, "बघू."

आमच्या घरात बाबांचं 'बघू' म्हणजे नाही. लहानपणी ते ऐकलं की मी पाय आपटायचे. काल फक्त "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

तरी शनिवारी सकाळी मी डोंबिवलीला जाणार आहे. त्यांना न्यायला नाही... नुसतं समोर बसून विचारायला. ती टपरी कुठे होती, तो इजिप्तचा माणूस कसा होता, त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचात, पहिल्या दिवशी हात भाजला का?

सांगतील की नाही, माहीत नाही. पण एवढ्या वर्षांत हे विचारायला मला कोणी अडवलं नव्हतं.