सगळ्यात खालची प्रत

दोन हजार एकवीसमध्ये मी दर शनिवारी आयर्लंडमधल्या मलिंगार गावच्या कोविड लसीकरण केंद्रात फॉर्म भरून घ्यायला बसायचो. एकदा चेक प्रजासत्ताकातून आलेले एक म्हातारे गृहस्थ आले. पेन इतकं दाबून लिहीत होते की कागद फाटेल असं वाटलं.

"हळू लिहिलंत तरी चालेल," मी म्हणालो.

"सवय," ते म्हणाले. तरुणपणी, तिथं कम्युनिस्ट राजवट असताना, ते स्वतःच्या आणि मित्रांच्या बंदी आलेल्या कविता कार्बन लावून हातानं उतरवायचे. टाइपरायटरचा आवाज शेजारी गेला असता.

त्यांचे वडीलही कवीच. जुनं सगळं मोडून टाकू म्हणणाऱ्या पिढीतले. त्या पिढीनं क्रांतीला डोक्यावर घेतलं आणि सत्तेवर आलेल्या क्रांतीनं त्यांच्याच मुलांच्या कवितांवर बंदी घातली.

"रागानं मी वडिलांना सगळ्यात खालची प्रत द्यायचो. ते म्हणायचे, पुसट आहे, वाचता येत नाही." फॉर्म माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "येत होतं त्यांना."

दुसऱ्या डोसला ते आले नाहीत. वारले, असं नर्सनं सांगितलं.

त्यांच्या फॉर्मखालच्या कोऱ्या फॉर्मवर त्यांचं नाव उमटलं होतं, म्हणून तो मी कुणाला दिला नव्हता. खिडकीपाशी तिरका धरला की अजून वाचता येतं.