खोपीमागची वीतभर फट

मनकर्णाबाईंची आई जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबली. संध्याकाळी खुरपंसुद्धा मालकाच्या गोठ्यात खोचून घरी यायची. म्हणून नवऱ्याला, दौलत मास्तरांना, गुडीहत्नूरला नोकरी लागून चार भिंतींचं घर झालं, तशी बाईंनी एकच मागणी केली, "माहं खुरपं माह्या छपराखाली पायजे."

सागाचं नाव काढायची ऐपत नव्हती, सालईच्या फळ्या आल्या. वांग्याचे दोन वाफे जास्त बसावेत म्हणून बाईंनी अवजारं ठेवायची ती लहानशी खोपी परसात पार मागे, कापसाच्या गोदामाच्या भिंतीजवळ उभी करवली. मधे वीतभर फट उरली.

सालईला वाळवी लवकर लागते. दर उन्हाळ्यात फळ्यांना बिब्ब्याचं तेल द्यावं लागे. पुढची बाजू मास्तरांची आणि फट बाईंची. खांद्यापर्यंत तिळाचं तेल चोपडून, काडीला चिंधी बांधून, गाल भिंतीला टेकवून त्या आत हात घालायच्या. तरी बिब्बा उतायचाच, हातभर फोड यायचे. आमचं घर कुंपणाला लागून. मी म्हणायचे, "मास्तरांना सांगा की हो!"

"त्याईचा हात, वैनी? फटीत अडकला तं गोदाम पाडा लागंल!"

मास्तर पोटावर हात फिरवत हसायचे. "हेडमास्तरीण बोलून राह्यली. आपण ऐकाचं."

एका दिवाळीनंतर बाईंना लकवा मारला. उजवं अंग गेलं. वाचा तेवढी राहिली. मास्तरांनी त्यांची बाज मागच्या ओसरीत टाकली, समोर खोपी दिसेल अशी. उन्हाळा आला तसं त्यांनी पडल्यापडल्या विचारलं, "मागून लावलं का?"

"लावलं व."

"खालच्या फळीले?"

"तिलेबी."

लावलं नव्हतं. काठीला बांधलेली चिंधी मधेच अडकली होती. पण पावसाची झड तरी मागच्या फळ्यांवर येऊ नये, म्हणून मास्तरांनी ती फट कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांनी गच्च भरून टाकली. आमच्याकडे कापूस निघाला की पऱ्हाट्या मागच्या भिंतीलाच लावतात, चुलीला वर्षभर पुरतात. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. पण त्या आत भिजल्या, कुजल्या आणि वाळवी त्यांच्यावरूनच फळ्यांत चढली. दसऱ्याच्या सुमारास मास्तर आत कुदळ घ्यायला गेले, तर मागची फळी पापडासारखी हातात आली. त्यांनी दार ओढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या बाजूला पुन्हा तेल दिलं. ओसरीतून खोपी नव्यासारखी दिसायची.

त्याच हिवाळ्यात बाई म्हणू लागल्या, "मले एकदा खोपीत नेऊन बसवा."

मास्तर कधी म्हणत गारठा आहे, कधी म्हणत आत विंचू निघाला. पुढे बाईंनी विचारणंच सोडलं. एका दुपारी मी त्यांची वेणी घालत होते, तेव्हा म्हणाल्या, "वैनी, मी जड झाली त्याईले. वीस पावलं उचलाचा कंटाळा आला."

मी तडक मास्तरांना गाठलं. "काऊन असं करता हो? आजारी माणसाचं एवढंही मन राखवत नाही?"

ते मला खोपीकडे घेऊन गेले, दार उघडलं. आत भुईवर वाळवीच्या मातीचे ढीग, आणि मागच्या भिंतीच्या जागी नुसत्या काळ्या पऱ्हाट्या.

"हिचा हात गेला अन् हे गेलं," मास्तर म्हणाले. "कोन्त्या तोंडानं सांगू?"

"हे सोसतील त्या. तुम्ही कंटाळलात, त्या जड झाल्या तुम्हाला, हे नाही सोसवत त्यांना."

मास्तर वाफ्याच्या कडेला बसले. "कंटाळलो? मी?"

शाळेची तपासणी होऊ द्या, रविवारी निवांत सांगतो, म्हणाले. शुक्रवारी बाईंना दुसरा झटका आला. आदिलाबादच्या दवाखान्यात मी गेले तेव्हा मास्तर त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगत होते, पऱ्हाट्यांचं, फळ्यांचं, विंचू खोटा असल्याचं. बाईंचे डोळे उघडे होते, पण छताकडे. सांगून झालं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पहाटे बाई गेल्या.

पुढे कितीतरी दिवस कुंपणाशी मी दिसले की मास्तर थांबायचे.

"वैनी, ऐकलं असंल का तिनं?"

मी काही म्हणायच्या आत ते हात हलवायचे.

"खोपीचं जाऊ द्या," ते म्हणायचे. "जड नव्हती हो ती. काडीइतकी राह्यली होती."